मजले सांग

यावोर, पोरा, मला मीटर सांगू नकोस.
खोक्यावर छापलंय ते मोकळ्या मैदानातलं अंतर,
आणि यांबोलमध्ये मैदानात लग्न कोण लावतं?
मला मजले सांग.
नवरी चौथ्या मजल्यावर असते.
लिफ्ट बंद असते.
स्पीकर खाली, व्हॅनच्या टपावर दोरीनं आवळलेला,
आणि मी जिन्यात,
पुढे करवल्या, मागे नवरदेवाचे मामे,
प्रत्येकाच्या काखेत बाटली.
काँक्रीटमधून जातो का आवाज,
एवढंच सांग.

तीस वर्षं वायरीवर वाजवलं.
डेमिर ढोल बाजूला ठेवून
नाचणाऱ्यांच्या पायांतून वायर सोडवायचा.
एकदा स्लिवेनला एक व्याही तिच्यात अडकला
आणि थेट केकवर.
आमची निम्मी बिदागी केकवाल्याला गेली.
आता डेमिर जर्मनीत पार्सलं उचलतो.
वायर गुंडाळायला कोणी उरलं नाही,
म्हणून आलो.
हौस म्हणून नव्हे.

यावोर तीन माईक काचेवर मांडतो,
सोनार अंगठ्या मांडतो तसे.
चिमटा भोंग्याच्या काठाला, मान वाकवा हवी तशी.

पहिला पार भोंग्यात वाकून बसला.
खालचे सूर म्हशीसारखे हंबरले
आणि वरचे गेले कुठे म्हणून पोरगा बटणं फिरवत राहिला.
अरे, वरचे सूर भोंग्यापर्यंत येतच नाहीत,
ते बोटांखालच्या भोकांतूनच निसटतात,
शाळेतून पोरं पळावीत तसे.

दुसऱ्यात मधेच एक टॅक्सीवाला बोलला:
स्टेशनला दोन बायका, तीन पिशव्या.
तो लगेच खोक्यात परत.

तिसऱ्यानं सगळंच ऐकलं.
पट्ट्यांची टकटक,
डाव्या करंगळीखाली मी चिकटवलेलं
वाईनच्या बुचाचं चकतं,
आणि दोन ओळींच्या मधे
ओठांच्या कोपऱ्यातून ओढलेला श्वास, शिटी वाजल्यासारखा.
म्हातारा झालोय हे मला
दुकानातल्या स्पीकरनं सांगितलं.

समोरच्या इमारतीत चढून बघू?
यावोर मालकाच्या खुर्चीकडे बघतो.
मालक जेवायला गेलेला.

पहिला मजला. दुसरा.
जिन्याच्या खिडकीतून यावोरचा अंगठा दिसतो, वर.
तिसऱ्यावर कोबी उकडल्याचा वास.
चौथ्यावर वाजवता वाजवता दार उघडलं.
बाई साठीची, केसांना कलप,
डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली.
कोणाचं लग्न?

कोणाचं नाही. माईक घेतोय.

ती हसली नाही, रागावलीही नाही.
म्हणाली, अकरा वर्षांत या जिन्यानं
एकही नवरी उतरली नाही.
माझी माद्रिदला उतरली,
कचेरीच्या पायऱ्या. दोन साक्षीदार, तेही ओळखीचे नव्हेत.
फोटो पाठवला तिनं.
फोटोत वाजंत्री कुठली?

मी काय बोलणार?
माझं तोंड भरलेलंच असतं.
नवरी घराबाहेर पाऊल टाकते तेव्हाची चाल आहे एक,
संथ, मधेच अडते,
जणू काही आत राहिलंय.
ती धरली.
बाईनं कठडा पकडला
आणि एक पायरी उतरली.
मग आणखी एक.
मी उलटा, पाठमोरा उतरत होतो,
पडलो असतो तर सॅक्सोफोनसकट गेलो असतो.
तिसऱ्या मजल्यावर ती थांबली.
कलप वाळला असेल, म्हणाली,
आणि दम खात वर गेली.

खाली यावोर काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून
स्पीकरकडे बघत उभा होता.
तुटला का रे कुठे?
नाही.
चौथ्यावर?
तिथेही नाही.
मग ऐकलंस काय काय?
सपाता, म्हणाला. तिच्या सपाता.

त्याची आई वालेन्सियात आहे
हे मला कोणी सांगायला नको होतं,
या गावात एक तरी माणूस परदेशात नाही
असं घर दाखव.

किंमत ऐकून मी डोळे मिटले.
मग म्हणालो, हाच बांध.
आणि सेल वर घाल, चार,
फुकट, कुरकुर न करता.
चौथ्या मजल्यावरून उतरायला
वेळ लागतो.